सैतान, फादर कॅरस आणि एक म्हातारी आई

भयपट या प्रकाराकडे आपल्याकडची समीक्षा सहसा वळत नाही. तो हलक्या दर्जाचा, करमणुकीचा माल आहे असे गृहीत धरले जाते. प्रबोधनाच्या चळवळीत काम करणारी आमच्यासारखी माणसे तर भुताखेताचा विषय निघाला की एका वाक्यात निकाल लावून मोकळी होतात : भूत नसते, विषय संपला. भूत नसते हे खरेच आहे. पण भुताची गोष्ट असते. ती कोणीतरी कोणालातरी सांगत असतो आणि सांगताना जगातले दुःख कोठून येते, ते कोणी निवारायचे, याविषयी काही एक भूमिका घेत असतो. ती भूमिका तपासायला हवी असे मला वाटते.

‘द एक्सॉर्सिस्ट’ हा अमेरिकन चित्रपट डिसेंबर १९७३ मध्ये प्रदर्शित झाला. पन्नास वर्षे उलटली तरी तो जुना होऊन अडगळीत पडलेला नाही. माझ्या वर्गातली मुले तो मोबाईलवर पाहतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, “सर, हे खरंच घडलं होतं म्हणे?”

या प्रश्नापासूनच सुरुवात करू. १९४९ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या एका किशोरवयीन मुलाला सैतानाची बाधा झाली आहे असे त्याच्या घरच्यांना वाटू लागले. सेंट लुईस शहरात जेझुइट धर्मगुरूंनी त्याच्यावर भूत काढण्याचा विधी अनेक दिवस केला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ही बातमी छापली. ती वाचणाऱ्यांत जॉर्जटाउन विद्यापीठात शिकणारा विल्यम पीटर ब्लॅटी हा विद्यार्थी होता. त्याने १९७१ मध्ये कादंबरी लिहिली. मुलाची मुलगी केली, गाव बदलले, घर बदलले, माणसे नवी घातली. त्या कादंबरीवर विल्यम फ्रीडकिन या दिग्दर्शकाने चित्रपट काढला. पटकथाही ब्लॅटीचीच. तेव्हा ‘खरे घडलेले’ एवढेच, की एक मुलगा आजारी होता आणि काही पाद्र्यांनी त्याच्यावर मंत्र म्हटले. पुढचे सारे लेखकाचे आहे.

चित्रपटाची कथा थोडक्यात सांगतो. क्रिस मॅकनील ही नामवंत सिनेनटी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात मोठे घर भाड्याने घेऊन राहते आहे. घरात नोकरचाकर आहेत, सेक्रेटरी आहे. तिचा देवधर्मावर विश्वास नाही. तिची बारा वर्षांची मुलगी रेगन विचित्र वागू लागते. शिव्या देते, पलंग हादरतो, अंगात राक्षसी बळ येते, आवाज बदलतो. डॉक्टर होतात, मानसोपचार होतात, उपयोग होत नाही. अखेर नास्तिक आई पाद्र्याचे पाय धरते. फादर मेरिन हा वृद्ध, अनुभवी धर्मगुरू आणि फादर डेमियन कॅरस हा तरुण धर्मगुरू मिळून विधी करतात. मेरिन विधीच्या मध्येच हृदयविकाराने मरतो. कॅरस सैतानाला आपल्याच अंगात ओढून घेतो आणि खिडकीतून उडी टाकतो. घराशेजारच्या उंच दगडी पायऱ्यांवरून गडगडत तो खाली रस्त्यावर जाऊन मरतो. मुलगी बरी होते.

याच चित्रपटात एक गंमत आहे, ती कार्यकर्त्यांनी अवश्य पाहावी. क्रिस ज्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी या गावात आलेली असते तो विद्यार्थ्यांच्या आंदोलनावरचा आहे. विद्यापीठाच्या आवारात निदर्शने चालली आहेत आणि ही लाखो डॉलर मिळवणारी नटी ध्वनिवर्धक हातात घेऊन विद्यार्थ्यांना समजावते, की बदल घडवायचा तर व्यवस्थेच्या आत राहूनच घडवा. ते व्हिएतनाम युद्धाचे आणि वॉटरगेटचे दिवस होते. अमेरिकेचे तरुण रस्त्यावर आले होते. चित्रपटाने हा सारा क्षोभ दोन मिनिटांत उरकला आणि कॅमेरा बंगल्यातल्या झोपण्याच्या खोलीत नेला. पुढे तो फारसा बाहेर येत नाही.

लोक या चित्रपटाला घाबरले ते त्या खोलीतल्या प्रकारांमुळे. त्यामागची कारागिरी खरोखर मोठी आहे. पात्रांच्या तोंडातून वाफ दिसावी म्हणून खोलीचा सेट यंत्रांनी गोठवला होता. मॅक्स फॉन सिडो हा नट तेव्हा चाळिशीत होता. त्याला रंगभूषेने म्हातारा फादर मेरिन बनवले. सैतानाचा आवाज मर्सिडीस मॅकॅम्ब्रिज या अभिनेत्रीने दिला होता आणि सुरुवातीला श्रेयनामावलीत तिचे नावच नव्हते. त्यासाठी तिला भांडावे लागले. (सैतानालाही कोणा बाईचे श्रम लागतात आणि तेही बिनश्रेयाचे!) ऑस्करसाठी दहा नामांकने मिळाली. पटकथा आणि ध्वनी यांची दोन पारितोषिके हाती लागली. एवढे या बाजूविषयी पुरे.

मला बोलायचे आहे ते फादर कॅरसविषयी. भूमिका जेसन मिलर या नटाने केली आहे. तो मूळचा नाटककार, त्याच १९७३ साली त्याच्या नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. कॅरस हा ग्रीसमधून आलेल्या गरीब निर्वासित कुटुंबातला मुलगा. न्यूयॉर्कच्या कळकट वस्तीत त्याची आई एकटी राहते. जेझुइट संघाने त्याला शिकवले, मानसोपचारतज्ज्ञ केले आणि इतर पाद्र्यांची मने सांभाळण्याच्या कामाला जॉर्जटाउनला ठेवले. म्हणजे हा आपल्या घराण्यातला पहिला शिकलेला माणूस. ज्या संस्थेने शिकवले तिच्या सेवेत तो बांधला गेला आहे आणि त्याची श्रद्धा आतून संपत आली आहे. देवावरची जशी संपत आली तशी स्वतःवरचीही.

तो आईला भेटायला जातो तो प्रसंग पाहावा. रस्त्यावर घाण, पोरे मोडक्या गाडीवर नाचताहेत. वर एका अंधाऱ्या खोलीत आई रेडिओ लावून बसली आहे. तिच्या पायाला दुखणे आहे. तो पट्टी बांधतो आणि म्हणतो, तुला चांगल्या ठिकाणी नेतो, सोबतीला माणसे असतील. म्हातारी म्हणते, हे माझे घर आहे, मी कुठे जायची नाही. पुढे तिचे डोके बिघडते. तिचा भाऊ तिला मनोरुग्णांच्या वॉर्डात टाकतो आणि वर भाच्यालाच ऐकवतो : तू पाद्री झाला नसतास तर आज नामांकित डॉक्टर असतास, आई माडीत राहिली असती, खाजगी इस्पितळाला पैसे कोण देणार, तू? कॅरसने गरिबीची शपथ घेतलेली आहे. पण ती शपथ आईनेही घेतली होती काय? तिच्यावर ती लादलेलीच होती. वॉर्डात ती मुलाकडून तोंड फिरवते. काही दिवसांनी ती आपल्या खोलीत एकटी मरते. मेल्यानंतर दोन-एक दिवसांनी लोकांना कळते. आणि ही बातमी आपल्याला मिळते ती कोठे? क्रिसच्या बंगल्यावरच्या मेजवानीत, पियानोच्या आसपास उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या बोलण्यात.

या प्रसंगांवर समीक्षक फार थांबत नाहीत. मी थांबतो, कारण माझ्या पिढीतल्या पहिल्या पदवीधरांना हे घर ओळखीचे आहे. माझी आई गावीच राहते. शहरातल्या माझ्या दोन खोल्यांत तिचा जीव रमत नाही. शेजारीण कोण, हाक कोणाला मारायची, असे तिचे प्रश्न असतात. शिक्षण माणसाला वर आणते असे आपण म्हणतो. ते त्याला वस्तीपासून दूरही आणते. हा दुरावा ज्याचा त्याने गुपचूप सोसायचा असतो. आपल्या आत्मकथनांतून आईवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण मुलगा प्राध्यापक झाल्यानंतरच्या आईवर त्या मानाने कमी.

सैतान नेमके येथेच बोट ठेवतो. रेगनच्या तोंडून तो कॅरसला सांगतो की तुझी आई आमच्यात आहे. विधी ऐन रंगात आला असताना तो आईच्या आवाजात बोलतो, तिचे रूप घेऊन पलंगावर बसतो आणि वॉर्डात तिने केलेला सवाल पुन्हा करतो. चित्रपटाच्या सुरुवातीला भुयारी रेल्वेच्या फलाटावर एका भिकाऱ्याने कॅरसकडे मदत मागितलेली असते आणि कॅरस तोंड वळवून निघून गेलेला असतो. सैतान त्या भिकाऱ्याचेही शब्द परत म्हणून दाखवतो. म्हणजे सैतानाजवळ स्वतःचे असे काही नाही. कॅरसच्या मनातली टोचणी हेच त्याचे भांडवल. मानसशास्त्र शिकलेल्या कॅरसला हे कळते, तरी तो मोडतो.

येथे चर्चच्या नियमांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे पाद्री म्हणजे मांत्रिकच अशी समजूत होते. कॅथलिक चर्चचा जुना विधिग्रंथ १६१४ चा. त्यातही पहिली ताकीद अशी, की अमक्याला बाधा झाली आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. न शिकलेली भाषा बोलणे, गुप्त गोष्टी सांगणे, वयाला न शोभणारे बळ दाखवणे, अशा खुणा तपासायला त्यात सांगितले आहे. बिशपच्या परवानगीवाचून असा विधी करता येत नाही. हा विधी १९९९ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाला. कॅरस नियमाला धरूनच चालतो. नळाचे साधे पाणी पवित्र जल म्हणून शिंपडतो, तरी मुलगी तडफडते. तो समजतो की हे ढोंग किंवा आजार असावा. तिची अगम्य भाषा ध्वनिफितीवर घेतो, तेव्हा ती उलटी इंग्रजी निघते. क्रिस प्रथम भूत काढण्याविषयी विचारते तेव्हा तर तो म्हणतो की त्यासाठी काळयंत्रात बसून सोळाव्या शतकात जावे लागेल. चित्रपटातला सर्वांत शंकेखोर माणूस हा पाद्रीच आहे. ही ब्लॅटीची चलाखी. शंकेखोर माणूसच अखेर शरण गेला म्हणजे प्रेक्षकाची शंका आपोआप गळते.

विज्ञानाचे काय? रेगनच्या मानेत सुई घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची छायाचित्रे काढतात तो प्रसंग भुताच्या प्रसंगांहून अंगावर येतो. क्रिस संतापून म्हणते, अठ्ठ्याऐंशी डॉक्टर झाले! आणि शेवटी डॉक्टरच सुचवतात की पाद्री बोलवा, मुलीचा बाधेवर विश्वास बसला असेल तर विधीवरही बसेल, तोही एक उपचारच.

अठ्ठ्याऐंशी हा आकडा मी विसरू शकत नाही. विज्ञान थकले, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? ज्याच्या दारात ते येऊन गेले त्याला. आमच्याकडे क्रम उलटा असतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या धाकट्या बहिणीला झटके यायचे. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग दुसरा केला, कोंबडे झाले, लिंबू झाले, एकाने तिला धुरी दिली. दोन वर्षांनी पोर ग्रामीण रुग्णालयात पोचली आणि गोळ्यांनी झटके थांबले. त्या आईबापांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. देवऋषी वाडीच्या तोंडाशी राहतो आणि उधारीवर काम करतो. डॉक्टरसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने जावे लागते आणि तो जागेवर असेल याची खात्री नाही. श्रीमंत क्रिस डॉक्टरांना कंटाळून पाद्र्याकडे गेली, आमची माणसे डॉक्टर लांब म्हणून भगताकडे जातात. या दोन्ही गोष्टींना ‘श्रद्धा’ हा एकच शब्द लावणे मला बरोबर वाटत नाही.

आणि विधीने मुली बऱ्या होतात हे तर पडद्यावरच. चित्रपटानंतर तीनच वर्षांनी, १९७६ च्या जुलैमध्ये, पश्चिम जर्मनीतील बव्हेरियात तेवीस वर्षांची एक विद्यार्थिनी मेली. तिला फेफऱ्याचा विकार होता, औषधे चालू होती. बिशपची परवानगी घेऊन दोन पाद्र्यांनी तिच्यावर जवळजवळ दहा महिन्यांत सदुसष्ट वेळा विधी केला. तिने अन्न सोडले होते. ती उपासमारीने मेली. १९७८ मध्ये न्यायालयाने तिच्या आईबापांना आणि दोन्ही पाद्र्यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरवले आणि सहा महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. ‘खरं घडलं होतं का’ असे विचारणाऱ्या मुलांना मी हे खरे घडलेले सांगतो. आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतले पहिलेच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करण्याविरुद्ध आहे. त्या कलमाची प्रत महाविद्यालयाच्या फलकावर लावायला काही हरकत नाही.

आता सैतान कोण, याकडे वळू. चित्रपट सुरू होतो उत्तर इराकमध्ये, मोसूलच्या बाजूला. अजानचा स्वर, उत्खनन, घामेजलेले मजूर आणि हत्राच्या अवशेषांत पाझुझू या दैत्याची उभी मूर्ती. मूर्ती चित्रपटवाल्यांनी बनवलेली. खरा पाझुझू प्राचीन मेसोपोटेमियाचा, वाऱ्यांच्या दुष्ट शक्तींचा राजा. पण त्याची एक गोष्ट चित्रपट सांगत नाही. बाळंतिणी आणि तान्ही पोरे यांच्यावर झडप घालणाऱ्या लामाश्तू नावाच्या राक्षशीला पळवून लावणारा तो म्हणून लोक त्याचा ताईत बाळंतिणीच्या गळ्यात बांधत. म्हणजे तो पोराबाळांचा राखणदार होता. जिंकणाऱ्यांच्या धर्मात पराभूतांचा राखणदार दैत्य होतो हे या पृष्ठांच्या वाचकांना सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी राक्षस म्हणजे रक्षक असा अर्थ लावला आणि बळीराजाची कथा उलटी करून वाचली ती ‘गुलामगिरी’त, १८७३ साली. या चित्रपटाच्या बरोबर शंभर वर्षे आधी. ते पुस्तक त्यांनी अर्पण केले होते तेही निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

त्याच मुक्त झालेल्यांच्या वंशातील एका लेखकाने या चित्रपटाचा हिशेब मांडला आहे. जेम्स बाल्डविन यांचे ‘द डेव्हिल फाइंड्स वर्क’ हे चित्रपटांवरचे पुस्तक १९७६ चे. बाल्डविन हार्लेममध्ये वाढले, चौदाव्या वर्षी ते चर्चमध्ये प्रवचने देऊ लागले होते. तेव्हा सैतान, पाप, अंगात येणे हे त्यांनी आतून पाहिलेले. त्यांचे म्हणणे साधारण असे : या चित्रपटातले दुष्टत्व अगदी पोकळ आणि उथळ आहे, आपण सैतान पाहिला आहे, तो पोलिसाच्या, घरमालकाच्या, साध्यासुध्या शेजाऱ्याच्या डोळ्यांत आणि आरशातही, त्याला पलंग हलवावे लागत नाहीत, आणि ज्या देशाचा इतिहास असा आहे त्याने दुष्टत्वाविषयी इतके अजाण असल्याचा आव आणू नये. मला हे पटते. खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली. मारणाऱ्यांच्या अंगात कोणी आले नव्हते. ते गावातलेच लोक होते, नेहमीच्याच आवाजात बोलणारे.

तरीही बाल्डविन यांच्याइतका मी हा चित्रपट टाकाऊ मानत नाही. कॅरसची आई त्यात आहे म्हणून. सैतानाच्या गदारोळात दिग्दर्शकाने ती ठेवली, आणि ठेवल्यावर तिच्याकडे पाहावेच लागते. एका घरात एका मुलीसाठी अठ्ठ्याऐंशी डॉक्टर, दोन धर्मगुरू, बिशप, विद्यापीठ सारे धावून येते. दुसऱ्या घरात म्हातारी दोन दिवस मेलेली पडते. पहिल्या घराला वाचवायला जीव देतो तो दुसऱ्या घरातला मुलगा. चित्रपट याला आत्मबलिदान म्हणतो. मला त्यात मजुरी दिसते. तीही न मिळालेली.

आपल्याकडे या धर्तीचा एक हिंदी चित्रपट झाला, ‘गहराई’, १९८० चा. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई यांचे, लेखनात विजय तेंडुलकरांचा सहभाग. बाप झाले आहेत श्रीराम लागू, जे स्वतः अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वावरले. मुलगी पद्मिनी कोल्हापुरे. बंगळूरला राहणारा बाप गावाकडची वाडवडिलांची जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. ती जमीन राखणारा बसवा हा गडी दुखावतो. मग घरच्या मुलीच्या अंगात काहीतरी येते आणि ती भर घरात बापाचे बिंग फोडते : या माणसाने बसवाच्या बायकोची अब्रू घेतली आणि तिने जीव दिला. पुढे चित्रपट जादूटोण्याच्या पसाऱ्यात शिरतो, ते मला पसंत नाही. पण येथे भुताला पत्ता आहे. जमिनीचा उतारा आहे, मालक आहे, गडी आहे, मेलेली बाई आहे. बापाला जे तोंडावर सांगायची कोणाची हिंमत नाही ते भूत सांगते. गावाकडे घरात एरवी तोंड उघडू न शकणाऱ्या सासुरवाशिणी अंगात आल्यावर सासऱ्याला अरेतुरे करतात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे वेगळे समजावायला नको. रेगनला मात्र असे काही बोलायला मिळत नाही. आईबापांचा घटस्फोट झालेला, वाढदिवसालाही बापाचा फोन नाही, आई दूरध्वनीवर किंचाळते आहे आणि पोर ते ऐकते आहे. हे दुःख चित्रपट दाखवतो आणि सोडून देतो. तिच्या तोंडी फक्त घाण घातली आहे.

गेल्या वर्षी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे मी दोन्ही चित्रपटांतले काही प्रसंग ठेवले आणि लिहायला सांगितले. बहुतेकांनी पलंग आणि उलटी मान यांवर लिहिले, ते साहजिक आहे. एका मुलीने फक्त म्हातारीच्या खोलीवर लिहिले होते. तिने हिशेब मांडला होता : वॉशिंग्टन ते न्यूयॉर्क अंतर किती, त्या काळी रेल्वेने किती तास लागत असतील, पाद्र्याला महिन्यातून किती वेळा जाता आले असते, आणि रजा देणारा वरिष्ठ कोण. ती वसतिगृहात राहते.